विषय कॉमन आहे

"आजी गेली त्यावर लिहिणार होते गं मावशी, पण मॅम म्हणाल्या, तो विषय फार कॉमन आहे." थालीपिठाचा तुकडा लोण्यात बुडवता बुडवता भाचीनं हे सांगितलं आणि लगेच लिंबाचं लोणचं मागितलं. लिहायचा होता तो अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेशअर्जातला निबंध, आणि मॅम म्हणजे त्या अर्जासाठी तिला मार्गदर्शन करणारी काउन्सेलर. माझ्या बहिणीनं बरणी तिच्याकडं सरकवली. आजी म्हणजे आमची आई. तिचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. भाड्यानं आणलेला तिचा लोखंडी पलंग परत गेला होता, पण सलाइनचा स्टँड कसा कोण जाणे राहून गेला होता आणि त्यावर आता ओढण्या लटकत होत्या. मी काही बोलले नाही. ताटात गरम थालीपीठ असताना वाद काढू नयेत असं आईच म्हणायची. पण ते वाक्य काही पिच्छा सोडेना. बाणेरहून घरी येताना बसमध्ये, रात्री दिवा मालवल्यावर, दुसऱ्या दिवशी प्रुफं तपासताना एखाद्या स्वल्पविरामापाशी, कुठंही ते वर यायचं.

वाईट वाटलं म्हणावं, तर तेही धड खरं नव्हतं. मुद्रितशोधनात माझी हयात गेली. दिवाळी अंकांची प्रुफं श्रावणातच यायला लागतात आणि त्यांत आईवरचे लेख किती असतात ते मला विचारावं. बहुतेक आया पहाटे उठतात, चुलीच्या धुरानं डोळे चोळतात, स्वतः उपाशी राहून मुलांना वाढतात आणि शेवटच्या दिवसांत मुलाचा हात घट्ट धरतात. मी त्यांच्या वेलांट्या दुरुस्त करून पुढच्या आईकडं वळते. त्यामुळं ती काउन्सेलर काय म्हणते ते मला कळत होतं. हजारो अर्ज वाचणाऱ्या माणसाला चाळिसाव्या आजीपाशी जांभई येणारच. पण गेल्या वर्षी आमच्या आईनंही हात घट्ट धरला. अगदी त्या लेखांमधल्यासारखाच. तेव्हा मला त्या सगळ्या लेखकांची मनातल्या मनात माफी मागावीशी वाटली होती. बिचारे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहीत होते. मग आता या सतरा वर्षांच्या पोरीनं काय करायचं? जे झालं ते सगळ्यांकडंच होतं म्हणून खोडायचं आणि जे कुणाकडंच झालं नाही असं काहीतरी स्वतःच्या आयुष्यात शोधत बसायचं?

तेच चाललं होतं. अमेरिकेतल्या हजारावर कॉलेजांना चालणारा तो कॉमन अ‍ॅपचा अर्ज १ ऑगस्टला उघडला होता. १९७५ साली १५ खासगी कॉलेजांनी मिळून ही सोय काढली, त्याचं आता एवढं झाड झालं आहे. मार्क, शिक्षकांची पत्रं, शाळेबाहेरच्या उद्योगांची यादी हे सगळं भरून झालं की शेवटी निबंधाचा रकाना. कमीत कमी २५० शब्द, जास्तीत जास्त ६५०. सहा विषय ते देतात, तुमची पार्श्वभूमी, तुमच्यापुढची अडचण किंवा अपयश, तुम्हाला वेळेचं भान विसरायला लावणारी गोष्ट, असे. आणि सातवा म्हणजे तुमचा तुम्ही निवडा. मी मराठी माणसांना ओळखते. सातवा पर्याय आपल्याला सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त छळतो. काही विद्यापीठांना एवढ्यानं भागत नाही, ती वर आपापले छोटे निबंध मागतात. शिकागो विद्यापीठ तर मुद्दाम चक्रम प्रश्न विचारण्याबद्दल प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं या अर्जात नाहीतच. त्यांचे वेगळे आठ प्रश्न, त्यांतले चार सोडवायचे, प्रत्येकी ३५० शब्दांत. बहिणीच्या फ्रिजवर या सगळ्याचा तक्ता लावला होता. पूर्वी तिथं आईच्या गोळ्यांचं वेळापत्रक असायचं.

काउन्सेलरनं बाद विषयांचीही यादी दिली होती. आजी-आजोबांचा मृत्यू. खेळताना झालेली दुखापत आणि मग जिद्दीनं केलेलं पुनरागमन. दुसऱ्या देशात किंवा गावात जावं लागल्यावरचं एकटेपण. गरिबांच्या वस्तीत शिकवायला गेले आणि त्यांनीच मला शिकवलं, हा तर अजिबात नको. हा शेवटचा ऐकून मला हसू आलं, कारण भाचीच्या वर्गात अकरावीत स्वतःची संस्था काढलेली मुलं आहेत. संस्थेला लोगो असतो, टी-शर्ट असतात, आणि अर्ज गेले की संस्था शांतपणे मिटते.

त्या रविवारी घरात जी बैठक बसली, तिचं वर्णन मी 'त्रास शोधणे' असंच करीन. बहीण म्हणाली, "आपल्याला कशाची कमी पडू दिली नाही हीच पंचाईत झाली." म्हणताना तिला अभिमान वाटत होता आणि अपराधीही. मेव्हण्यांनी मग आपल्या वडिलांना पुढं केलं. १९७२ चा दुष्काळ. नगर जिल्ह्यातलं गाव, विहिरीला तळ लागलेला, आजोबा शाळा सोडून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. कामावर सुकडी मिळायची, ती निम्मी खाऊन निम्मी धाकट्या भावंडांना फडक्यात बांधून आणायचे. तांबड्या मिलोची भाकरी गिळवायची नाही. मेव्हण्यांचा आवाज दाटून आला. गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आणि आम्ही ती प्रत्येक लग्नाकार्यात ऐकली आहे. भाचीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, हे आजोबांचं आहे. त्यांनी अप्लाय करावं."

मेव्हणे दुखावले. मी स्वयंपाकघरात जाऊन हसले.

माझ्या मुलाच्या वेळी हे काही नव्हतं. सीईटीचे मार्क आले, कॅपच्या फॉर्ममध्ये कॉलेजांचे कोड पसंतीच्या क्रमानं भरले, पहिल्या फेरीत एक लागलं, दुसरीत त्याहून बरं लागलं. तू कोण आहेस, हे त्याला शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही आणि त्याबद्दल त्याची काही तक्रारही नव्हती. मला मात्र तेव्हा उगाच वाटायचं की कुणीतरी विचारायला हवं होतं. आता विचारणारे भेटले तर हे असं.

आम्हाला शाळेत तरी कुठं कुणी विचारलं होतं? दहावीपर्यंत मराठीचे ढीगभर निबंध लिहिले, त्यात नदीनं आत्मवृत्त सांगितलं, फाटक्या पुस्तकानं मनोगत मांडलं, बंद पडलेला घड्याळाचा काटा बोलला. आम्ही बोललो नाही. 'मी पाहिलेला अपघात' हा निबंध आमच्या वर्गात झाडून सगळ्यांनी सारखा लिहिला: सिग्नल लाल झाला, एक शाळकरी मुलगा रस्ता ओलांडत होता, इतक्यात भरधाव ट्रक आला. आमच्या गावात तेव्हा एसटी दिवसातून दोनदा यायची. सिग्नल कुणी पाहिला नव्हता. अपघात मात्र पाहिला होता. मळणीयंत्रात एकाचा हात गेला होता, अर्धी शाळा बघायला धावली होती. तो कुणीच लिहिला नाही, कारण तो गाइडमध्ये नव्हता. आणि 'शेतकऱ्याचे मनोगत' आला तेव्हा तर कहर. वर्गातली तीन चतुर्थांश पोरं शेतकऱ्यांची. सकाळी धार काढून, गुरांना वैरण टाकून आलेली. त्यांनी वह्या उघडल्या आणि लिहिलं, "होय, मी बळीराजा बोलतोय! साऱ्या जगाचा पोशिंदा!" माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या बापानं त्याच आठवड्यात बैल विकला होता. बैल नेताना त्यानं कासरा हातात दिला नाही, सोडून ठेवला आणि घरात गेला, हे तिनं मला मधल्या सुट्टीत सांगितलं होतं. निबंधात तिचा बळीराजा ढवळ्या-पवळ्याची जोडी हाकत होता. तिला दहापैकी आठ मिळाले. बैल लिहिला असता तर किती मिळाले असते, सांगता येत नाही. बाईंना कदाचित रडू आलं असतं, कदाचित त्यांनी विषयांतर म्हणून दोन मार्क कापले असते.

काउन्सेलरनं भाचीला नमुन्यादाखल पाठवलेले 'यशस्वी' निबंध मी वाचले. इंग्रजी सुरेख, हल्ली सगळ्यांचंच अचानक इतकं गुळगुळीत कसं झालं हे सर्वांना ठाऊक आहे. एकानं आईच्या डोसा तव्यावर लिहिलं होतं, एकीनं आपल्या तोतरेपणावर. चांगलेच होते. पण लागोपाठ पाच-सहा वाचल्यावर मला त्यांचा साचा दिसायला लागला: पहिल्या ओळीत वास किंवा आवाज, मधे एक ठेच, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात साक्षात्कार. बळीराजा जाऊन दुसरा कुणी आला होता, गाइड तेच.

हे निबंधाचं खूळ कुठून आलं म्हणून मी थोडं वाचलं. वाचून बरं वाटलं नाही. शंभर वर्षांपूर्वी हार्वर्ड, येल, कोलंबिया अशा ठिकाणी परीक्षेच्या मार्कांवर ज्यू मुलं भराभर येऊ लागली, तेव्हा नुसत्या हुशारीवर भागत नाही, 'चारित्र्य' पाहायला हवं, असा साक्षात्कार तिथल्या कारभाऱ्यांना झाला. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना तर ज्यू विद्यार्थ्यांवर सरळ टक्केवारीची मर्यादाच घालायची होती. ते उघडपणे जमलं नाही, मग अर्ज लांबले. फोटो लावा, शिफारसपत्रं आणा, स्वतःबद्दल सांगा. १९२२ पासून हार्वर्डच्या अर्जात एक प्रश्न असायचा: जन्मापासून तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का? हा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. आडनाव काय, मूळ गाव कुठलं, असं गोड आवाजात विचारून आपल्याकडं जे काढून घेतात, तेच की हे. आणि गंमत अशी की तोच रकाना पुढं उलट्या कामी आला. २९ जून २०२३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, तेव्हा निकालातच सरन्यायाधीशांनी म्हटलं की वंशामुळं आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदारानं लिहिलं तर ते विचारात घ्यायला हरकत नाही. म्हणजे जे चौकटीत खूण करून सांगायचं नाही, ते आता मुलांनी गोष्टीतून सांगायचं. एखाद्या काळ्या मुलाला त्या ६५० शब्दांत काय काय कोंबावं लागत असेल याचा विचार केला की आमच्या बैठकीतलं त्रास शोधणं फारच पोरकट वाटतं.

टँकरचं कळलं ते असंच, ओघात. मी गेले तेव्हा भाची खालून वर आली, कुडत्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या, हातात एक लांब बांबूची काठी. काठीवर मार्करनं रेघा मारलेल्या. "शहाणे समजतात स्वतःला," म्हणाली. कोण? तर सोसायटीची कमिटी. त्यांच्याकडं वर्षभर टँकर लागतात, पावसाळ्यात थोडे कमी. टँकर दहा हजार लिटरचा. आल्यावर कुणीतरी झाकण उघडून काठी बुडवायची, ओली रेघ कुठवर आली ते पाहायचं, वहीत गाडीचा नंबर, वेळ आणि माप लिहून ड्रायव्हरची सही घ्यायची. हे काम शाळेच्या वेळा सोडून ती करत होती, दोन वर्षं, आणि घरात कुणाला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. कमिटीचं म्हणणं, वरची चार बोटं रिकामी म्हणजे ड्रायव्हरनं वाटेत पाणी विकलं. तिचं म्हणणं, थांबा. टाकी लंबगोल आहे. मधल्या चार बोटांत जेवढं पाणी मावतं तेवढं अगदी वरच्या चार बोटांत मावत नाही, कारण तिथं टाकी आत वळलेली असते. शिवाय झाकण मागच्या बाजूला. गेटच्या उतारावर गाडी उभी केली की पाणी मागं येतं आणि काठी जास्त दाखवते. तोंड फिरवून उभी केली की तीच गाडी कमी दाखवते. म्हणून तिनं ट्रान्सफॉर्मरपाशी सपाट जागा शोधून तिथं खडूनं चौकोन आखला होता. आलेखाच्या कागदावर टाकी आडवी कापली तर दिसेल तो काप काढून, चौकोन मोजून, प्रत्येक रेघेला किती लिटर ते बसवलं होतं. हे सांगताना ती डायनिंग टेबलावरचं तेलाचं कॅन आडवं धरून मला दाखवत होती, आणि बहीण ओरडत होती की झाकण सैल आहे.

मी तिला इतकं भरभरून बोलताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"हे लिही की," मी म्हटलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. "हे? हे तर सोसायटीचं काम आहे." तिच्या दृष्टीनं विषय म्हणजे आयुष्यात घडलेली घटना. तारीख असलेली, सांगताना घसा दाटणारी. ती रोज हातानं करत होती ते आयुष्यात धरायचंच नव्हतं. मला वाटतं खरी मेख इथं आहे. आपण मुलांना विचारतो, तुझ्या बाबतीत काय झालं? सतराव्या वर्षी आणि सुस्थितीतल्या घरात, देवाच्या दयेनं, फारसं काही झालेलं नसतं. पण तू कशापाशी रेंगाळतेस, कुठल्या फालतू गोष्टीवरून वाद घालतेस, हे विचारलं तर मूल रात्रीचे अकरा वाजवतं.

काउन्सेलरला विषय आवडला. इतका आवडला की मला भीती वाटली. तिनं दोन सूचना केल्या. पहिली, इम्पॅक्ट हवा: एकूण किती लिटर पाणी वाचवलं तो आकडा पहिल्याच परिच्छेदात यावा. भाची म्हणाली, "मी वाचवलं नाही, मोजलं." दुसरी सूचना ड्रायव्हरबद्दल. टाकी रिकामी व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात यांच्या गप्पा व्हायच्या. तो बीडकडचा, आणि उन्हाळ्यात त्याच्या गावाला सरकारी टँकरनं पाणी जातं. आई घागरी लावून रांगेत असते आणि मुलगा पुण्यात टँकर चालवतो. काउन्सेलर म्हणाली, हाच तुझा निबंध, इथं तुझं मन बदलतं. मला कबूल केलं पाहिजे की माझ्यातल्या दिवाळी अंकवालीचेही कान टवकारले. पण भाची अडून बसली. "काकांनी मला सहज सांगितलं ते. मी नाही वापरणार." आणि मग जरा वेळानं, "आणि माझं मन काही बदललं नाही, मला आधीपासूनच माहीत होतं की तिकडं पाणी नाही." यावर काय बोलणार? साक्षात्कारच नाही म्हटल्यावर शेवटून दुसरा परिच्छेद रिकामा राहतो. तिथं तिनं काप काढायच्या कागदावरची आपली चूक लिहिली, वक्र रेषेवरचे अर्धे चौकोन कसे धरायचे ती. रुक्ष आहे. मला फार आवडलं.

पहिला मसुदा भलताच लांबला. कापाकापीसाठी मला बोलावलं. अखेर घरातल्या मुद्रितशोधकाचा उपयोग झाला. वाचता वाचता मला कळलं की टँकरची वही मुळात भाचीनं सुरू केलेलीच नाही. आईनं केली. गुडघे गेल्यावर ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि गेटातून टँकर आला की कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, 'टँ' लिहायची. महिन्याअखेरी सोसायटीचं बिल आलं, त्यात टँकर जास्त आणि कालनिर्णयवर कमी. तिनं नातीला खाली पिटाळलं: जा, नीट बघून लिहून आण. मला हे ठाऊक नव्हतं. मी दर रविवारी जायचे, आई मला गुडघ्यांबद्दल सांगायची, शेजारणीबद्दल सांगायची, हे कधी बोलली नाही. इंग्रजीत, डबल स्पेसमध्ये, मार्जिनवर काउन्सेलरच्या हिरव्या शेऱ्यांसकट मला माझ्या आईबद्दल नवीन काहीतरी कळत होतं.

तो मोठा परिच्छेद होता, आणि शब्द कुठून तरी कापायलाच हवे होते. मी टाकीच्या लंबगोलाकडं बोट दाखवलं; वाचणाऱ्याला इतकी भूमिती कशाला? भाचीनं नकारार्थी मान हलवली. आजीचा परिच्छेद तिनं स्वतःच खरडून एका पोटवाक्यावर आणला. लंबगोल, उतार, खडूचा चौकोन, सगळं राहिलं. मी एकदा म्हणून पाहिलं, दोनदा म्हटलं, मग गप्प बसले. तिचा अर्ज आहे. शिवाय मुद्रितशोधकानं मजकुरात हात घालू नये, हे तत्त्व मी इतरांना सांगत असते.

निबंध १ नोव्हेंबरच्या मुदतीआधी गेला. घर जरा सैलावलं, पण एवढ्यानं सुटका कुठली? फ्रिजवरचा तक्ता अजून अर्धाच खोडलाय. स्टॅनफर्डच्या अर्जात होणाऱ्या रूममेटला पत्र लिहायला सांगतात: तुझ्याबद्दल तिला काय कळायला हवं ते लिही. मेव्हण्यांनी परत दुष्काळ काढला. मी म्हटलं, लिही की, आंघोळीला एकच बादली मिळेल आणि दात घासताना नळ चालू दिसला तर बोलणं खाशील. भाची म्हणाली, "मावशी, तिकडं शॉवर असतो." पण लिहून घेतलं तिनं. खालून हॉर्न वाजला तशी काठी घेऊन जिन्यानं पळाली, लॅपटॉप तसाच उघडा टाकून, आणि मेव्हणे त्यातल्या अर्धवट पत्राचे शब्द मोजत बसले.